परदेशी आरोग्य अनुदानावर स्वतंत्रपणे लक्ष कसं ठेवायचं: सुरुवात ग्लोबल फंडापासून

एमएसडब्ल्यू किंवा पब्लिक हेल्थ करून नुकतीच एखाद्या एनजीओत लागलेली मुलं, आरोग्यावर लिहायला लागलेले पत्रकार, कामानिमित्त केनिया-युगांडाला जाणारे आपले लोक, यांचा सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो, की एचआयव्ही, टीबी, मलेरियासाठी बाहेरून एवढा पैसा येतो तर तो नेमका जातो कुठे आणि हे बघतं कोण? बघणारे तसे बरेच आहेत. पण त्यातले बहुतेक त्याच अनुदानाच्या साखळीतून पगार घेतात. साखळीबाहेर उभं राहून बघणारे फार कमी आहेत आणि ते वाढले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. उदाहरण ग्लोबल फंडाचं, म्हणजे देशोदेशीच्या देणग्या गोळा करून एचआयव्ही, टीबी, मलेरियासाठी अनुदान देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचं घेतलंय कारण त्यांचे कागद इतरांच्या मानाने बरेच उघडे असतात, आणि एकदा हे वाचायला जमलं की गॅव्हीचे (लसींसाठी पैसा देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) किंवा वर्ल्ड बँकेचे कागद बघून घाबरायला होत नाही.

पहिली पायरी: पैसा कोणाकोणाच्या हातातून जातो ते कागदावर काढा

ग्लोबल फंड जानेवारी २००२ मध्ये सुरू झाला, ऑफिस जिनिव्हाला. तो संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही, आणि देशोदेशी त्यांची ऑफिसंही नाहीत. हे दुसरं वाक्य नीट लक्षात ठेवा कारण पुढची सगळी व्यवस्था त्यातूनच आलीय. ऑफिस नाही म्हणजे त्या देशात त्यांचे डोळे कोण, तर एलएफए म्हणजे लोकल फंड एजंट, ही बहुतेक ठिकाणी एखादी मोठी ऑडिट फर्म असते, तिला फी जिनिव्हाहून मिळते आणि ती रिपोर्टही जिनिव्हालाच देते. तिचे रिपोर्ट आपल्याला सहसा बघायला मिळत नाहीत.

देशात अर्ज करते सीसीएम म्हणजे कंट्री कोऑर्डिनेटिंग मेकॅनिझम. ही एक समिती, तीत आरोग्य खातं, एनजीओ, देणगीदार देशांचे लोक आणि मुख्य म्हणजे त्या आजारांसोबत जगणारे लोक असावे लागतात, नुसते असावेत असं नाही, ती अटच आहे. केनियात तिला केसीएम म्हणतात. अर्ज गेला की टीआरपी म्हणजे टेक्निकल रिव्ह्यू पॅनेल नावाचं स्वतंत्र तज्ज्ञांचं पॅनेल तो तपासतं, मग वाटाघाटी होतात, मग बोर्ड मंजुरी देतं. बोर्डावर मताचा हक्क असलेले २० सदस्य, निम्मे देणाऱ्या बाजूचे, निम्मे राबवणाऱ्या बाजूचे. मंजूर झालेला पैसा पीआर म्हणजे मुख्य प्राप्तकर्त्याकडे येतो, केनियात हे म्हणजे नॅशनल ट्रेझरी, केनिया रेड क्रॉस आणि अ‍ॅम्रेफ ही आरोग्य संस्था. पीआरकडून तो एसआरकडे जातो म्हणजे छोट्या संस्थांकडे, आणि बऱ्याचदा त्याही पुढे खाली.

आता या नकाशावर लाल पेनाने खुणा करा, जिथे जिथे एकच माणूस किंवा एकच खातं दोन्हीकडे बसलंय तिथे. बहुतेक देशांत आरोग्य मंत्रालयाचा माणूस सीसीएमवर असतो आणि त्याच मंत्रालयाचा विभाग पैसा खर्च करत असतो. आपल्याकडेही इंडिया सीसीएमचं अध्यक्षपद केंद्रीय आरोग्य सचिवांकडे असतं आणि नाको (एड्स नियंत्रणाची राष्ट्रीय संस्था) किंवा टीबीचा केंद्रीय विभाग हे त्याच मंत्रालयाखाली येतात. याचा अर्थ लगेच चोरी असा नाही. पण सीसीएमच्या नियमांत हितसंबंधांचं धोरण लागतं, मीटिंगच्या सुरुवातीला सदस्यांनी ते जाहीर करायचे असतात आणि त्या विषयावर बाहेर बसायचं असतं. म्हणून सगळ्यात आधी मीटिंगचं इतिवृत्त मागवा आणि हे खरंच झालं का ते बघा. इतिवृत्त द्यायला खळखळ झाली तर तीसुद्धा नोंदवून ठेवा.

दुसरी पायरी: तुमचा पगार कुठून येतो ते आधी सांगा

हे सगळ्यात अवघड आहे, आणि नवीन माणूस नेमका इथेच गडबडतो. तुमची संस्था त्याच ग्रँटची एसआर असेल तर तुम्ही स्वतंत्र देखरेख करू शकत नाही, कितीही प्रामाणिक असलात तरी. फार तर अंतर्गत तपासणी करू शकता, तिलाही किंमत आहे, पण तिला स्वतंत्र म्हणू नका. एड्सपॅन नावाची संस्था २००२ पासून ग्लोबल फंडावर लक्ष ठेवत आलीय, बर्नार्ड रिव्हर्स या अर्थतज्ज्ञाने ती सुरू केली, पुढे ती नैरोबीला गेली, आणि त्यांचा नियम असा की ग्लोबल फंडाकडून पैसे घ्यायचे नाहीत. हा नियम वाचायला सोपा वाटतो पण पाळायला फार महाग पडतो, कारण या क्षेत्रात दुसरा पैसा असतोच किती.

छोट्या गोष्टीतही हेच लागू. पीआरने बोलावलेल्या वर्कशॉपला गेलात तर त्यांचा भत्ता, हॉटेल, गाडी घेऊ नका, चहा घ्या. आणि रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहा की या कामाचा खर्च कोणी केला.

स्वतंत्र असण्याचा दुसरा अर्थ म्हणजे तुम्हाला काढू कोण शकतं. ग्लोबल फंडाचं स्वतःचं ओआयजी म्हणजे इन्स्पेक्टर जनरलचं ऑफिस २००५ मध्ये तयार झालं, ते कार्यकारी संचालकाला नाही तर थेट बोर्डाला उत्तर देतं, ही रचना चांगलीच आहे. तरी २०१२ मध्ये बोर्डानेच त्यावेळच्या इन्स्पेक्टर जनरलला कामगिरी समाधानकारक नाही असं सांगून काढलं होतं आणि त्यावर तेव्हा बरीच उलटसुलट चर्चा झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत यूएसएड या सरकारी परदेशी मदत संस्थेच्या इन्स्पेक्टर जनरलला काढलं, ते मदत गोठवल्यामुळे देखरेखच कोलमडतेय असा रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी. आतली देखरेख कितीही मजबूत असली तरी बाहेरची का लागते ते यावरून कळावं.

तिसरी पायरी: एकच ग्रँट निवडा

"केनियातला ग्लोबल फंडाचा पैसा" हा विषय घेतलात तर वर्षभर वाचत बसाल आणि हाती काही लागणार नाही. एक ग्रँट घ्या. प्रत्येक ग्रँटला नंबर असतो, तीन तुकड्यांचा, उदाहरणार्थ केईएन-एम-टीएनटी (KEN-M-TNT). पहिला देश, दुसरा आजार (एच म्हणजे एचआयव्ही, टी टीबी, एम मलेरिया, सी म्हणजे टीबी-एचआयव्ही एकत्र), तिसरा पीआर. म्हणजे हा झाला केनिया, मलेरिया, द नॅशनल ट्रेझरी. फंडाच्या वेबसाइटवरच्या डेटा एक्स्प्लोररवर हा नंबर टाकला की करार, रकमा, तारखा दिसतात.

तिथे तीन आकडे दिसतील: सही झालेली रक्कम, बांधील रक्कम आणि वितरित रक्कम. यातला एकही आकडा "खर्च झाला" असं सांगत नाही. वितरित म्हणजे जिनिव्हाहून निघाला एवढंच. पुढे तो जिल्ह्याच्या खात्यात सहा महिने पडून असू शकतो, आणि माझं मत विचाराल तर चोरीइतकंच नुकसान या पडून राहिलेल्या पैशाने होतं, फक्त त्याची बातमी होत नाही. तीन वर्षांची मुदत असते, ती संपली आणि पैसा वापरला गेला नाही तर ज्याच्यासाठी आला होता त्याला तो मिळत नाही, आणि कोणावर गुन्हाही दाखल होत नाही.

अजून एक. औषधांचा आणि मच्छरदाण्यांचा बराचसा पैसा त्या देशात येतच नाही, फंडाच्या एकत्रित खरेदीतून तो थेट कंपनीला जातो, आणि त्या कंपन्या पुष्कळदा भारतातल्या असतात. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधांची थेरपी दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली होती, तिथपासूनचा हा इतिहास आहे. त्यामुळे देशाच्या बँक खात्यात पैसा शोधत बसण्याआधी कुठला भाग मालाच्या रूपात येतो आणि कुठला रोख, ते वेगळं करा. रोखीत पाणी मुरण्याच्या जागा वेगळ्या असतात, मालात वेगळ्या.

चौथी पायरी: जुनी प्रकरणं वाचा, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल

ओआयजीचे ऑडिट आणि तपासाचे रिपोर्ट वेबसाइटवर फुकट आहेत. भाषा कोरडी आहे पण वाचाच.

युगांडा, ऑगस्ट २००५. मंत्रालयातल्या प्रोजेक्ट युनिटचा कारभार बघून फंडाने देशाच्या पाचही ग्रँट एकदम थांबवल्या. न्यायमूर्ती जेम्स ओगूला यांचा चौकशी आयोग बसला, नोव्हेंबरमध्ये स्थगिती उठली. पुढे २००९ मध्ये एकाला १० वर्षांची शिक्षा झाली, तो माणूस राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसात आर्थिक देखरेखीचा संचालक होता आणि त्याच्या संस्थेचं नाव होतं युगांडा सेंटर फॉर अकाउंटेबिलिटी. कुंपणच शेत खातं ते हे असं. म्हणून नावावर, पदावर जाऊ नका, हिशेबाचा कागद बघा आणि तो कार्यक्रम झाला म्हणतात त्या गावात जाऊन विचारा.

माली, ज्याचे रिपोर्ट २०१०-११ मध्ये गाजले. तिथे ट्रेनिंगच्या नावावर पैसा गेला, जी ट्रेनिंगं झालीच नाहीत किंवा दाखवली तशी झाली नाहीत, भत्त्याच्या पावत्यांवर खोट्या सह्या. कंबोडिया, २०१३ चा रिपोर्ट: मच्छरदाण्या विकणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय कंपन्यांकडून राष्ट्रीय मलेरिया केंद्राच्या अधिकाऱ्यांना सुमारे ४ लाख १० हजार डॉलर कमिशन गेलं. म्हणजे हात ओले करणारे नेहमी त्याच देशातले असतात असं नाही, पुरवठादार बाहेरचाही असतो, आणि हे आपण विसरतो.

आणि केनिया, २०२३. १ कोटी २ लाख मच्छरदाण्यांचं टेंडर, ३७० कोटी केनियन शिलिंगचं, केम्साने म्हणजे सरकारी औषध खरेदी प्राधिकरणाने काढलेलं. टेंडरच्या कागदपत्रांवर आणि बाद केलेल्या बोली लावणाऱ्यांवर फंडाने आक्षेप घेतला, टेंडर रद्द झालं, खरेदी फंडाच्या स्वतःच्या यंत्रणेकडे गेली. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी सार्वजनिक आरोग्याच्या प्रधान सचिवांना काढलं, केम्साचं बोर्ड बरखास्त केलं, सीईओला निलंबित केलं. पैसा जाण्याआधी पकडलं गेलेलं हे प्रकरण आहे, म्हणून नवख्यांनी आधी हे वाचावं असं मी सांगते. टेंडरच्या अटी म्हणजे स्पेसिफिकेशन हे कंटाळवाणे कागद असतात, पण खेळ तिथेच होतो.

पाचवी पायरी: डिस्पेन्सरीत जा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि यासाठी अकाउंटंट असायची गरज नाही.

एक औषध निवडा. मलेरियासाठी केनियात पहिलं औषध एएल, म्हणजे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन. परवानगी घेऊन औषधांच्या खोलीत जा. तिथे प्रत्येक औषधाचं बिन कार्ड लटकवलेलं असतं, किती आलं, किती गेलं, शिल्लक किती. आधी कार्डावरची शिल्लक लिहून घ्या. मग कपाटातली पाकिटं स्वतः मोजा, एक्स्पायरी बघत बघत, मुदत संपलेली वेगळी मोजा. मग शेवटच्या डिलिव्हरी नोटवर किती पाठवलं लिहिलंय ते बघा, आणि त्या महिन्याच्या पेशंट रजिस्टरमधून किती जणांना दिलं ते काढा. चार आकडे झाले. ते जुळले तर छान, पुढच्या केंद्रावर जा.

नाही जुळले तर लगेच निष्कर्ष काढू नका. एएलची पाकिटं पेशंटच्या वजनाप्रमाणे चार आकारांत येतात, ६ गोळ्यांचं, १२, १८ आणि २४. मोठ्या माणसाचं २४ चं पाकीट संपलं की नर्स काय करते, ६ ची चार पाकिटं देते. पेशंट एक, पाकिटं गेली चार, आणि लहान मुलांच्या औषधाच्या कार्डावर मोठा खड्डा. बाहेरून आलेल्याला ही चोरी वाटते. प्रत्यक्षात त्या बाईने शहाणपणाने एका माणसाला औषधाविना परत पाठवलेलं नसतं, आणि खरा प्रश्न असतो की वरून २४ ची पाकिटं का आली नाहीत. म्हणून आधी तिला विचारा, तिच्यासमोर बसून हिशेब लावा, आणि गोळ्यांमध्ये मोजा, पाकिटांमध्ये नाही. त्यानंतरही फरक उरला तर तो नोंदवा. त्याच तालुक्यातल्या चार-पाच केंद्रांत एकाच महिन्यात तसाच फरक दिसला तर मग जिल्ह्याच्या भांडारात बघायला हवं, नर्सच्या मागे लागून उपयोग नाही.

बाहेर बाकावर बसलेल्या लोकांशी बोला. औषध मिळालं का, पैसे मागितले का, बाहेरून आणायला सांगितलं का. आपल्याकडे हे नवीन नाही, महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावातल्या लोकांनीच आरोग्य केंद्राचं रिपोर्ट कार्ड भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. ग्लोबल फंडाच्या ग्रँटमध्ये आता असंच काम कम्युनिटी-लेड मॉनिटरिंग या नावाने असतं. तुम्ही मेळघाटात किंवा धडगावात हे काम बघितलं असेल तर केनियातल्या किसुमूत जाऊन पहिल्या दिवसापासून तुम्हाला कळेल काय चाललंय.

ट्रेनिंगचे कागद हाती आले तर हजेरीपट बघा. एकाच अक्षरात वीस सह्या, एकच माणूस एकाच तारखेला दोन जिल्ह्यांत, हॉटेलच्या बिलांचे नंबर ओळीने आणि तारखा मात्र महिन्यांच्या अंतराने, हे डोळ्याला दिसतं. यादीतल्या काही जणांना फोन करा आणि साधं विचारा, ट्रेनिंगला जेवण काय होतं. जो गेला होता तो सांगतो.

सहावी पायरी: शब्द जपून

रिपोर्टमध्ये "नियमबाह्य खर्च" असं लिहिलेलं असतं, पेपरात ते "घोटाळा" होऊन येतं. नियमबाह्य म्हणजे कधी खरंच चोरी असते, कधी कोटेशन तीनऐवजी दोनच घेतलेली असतात, कधी पावती हरवलेली असते. त्यातला परत मागायचा भाग म्हणजे वसुलीयोग्य रक्कम वेगळी असते आणि बऱ्याचदा कमी. दोन्ही आकडे द्या, वेगवेगळे द्या.

हे मी एवढं का सांगतेय तर २०११ मुळे. जानेवारीत असोसिएटेड प्रेसची बातमी आली, काही देशांत मिळून ३.४ कोटी डॉलरचा गैरव्यवहार. फंडाने तोवर सुमारे १३०० कोटी डॉलर वाटले होते, त्यामानाने हा आकडा लहान, पण तपासलेल्या काही ग्रँटमध्ये गैरव्यवहाराचा हिस्सा मोठा होता हेही खरं. आणि ही माहिती फंडाच्याच इन्स्पेक्टर जनरलने स्वतःहून प्रसिद्ध केलेल्या रिपोर्टमधली होती. जर्मनीसह काही देशांनी हप्ते रोखले. मंदीने पैसा आटलेला होताच, त्यात हे, आणि नोव्हेंबरमध्ये अकरावी फेरी रद्द झाली, म्हणजे नव्या अर्जांना पैसाच नाही. चोरी केली कोणी आणि सुक्याबरोबर ओलं जळलं ते कोणाचं, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात सतत असायला हवं. झाकायचं अजिबात नाही. पण "ग्रँट बंद करा" ही मागणी करण्याआधी त्या ग्रँटवर रोजच्या गोळीसाठी कोण अवलंबून आहे ते विचारा, आणि पर्याय सुचवा. झांबियात मंत्रालयातलं प्रकरण निघाल्यावर २०१० मध्ये मंत्रालयाऐवजी यूएनडीपीकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेकडे, पीआरचं काम दिलं गेलं होतं, औषधं चालू राहतील आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे जाईल असा तो मार्ग.

सातवी पायरी: सापडलं तर कोणाला, आणि मग काय

आधी संबंधित संस्थेला लेखी विचारा, उत्तराला मुदत द्या, आलेलं उत्तर जसंच्या तसं छापा. पण पुरावा नष्ट होईल किंवा माहिती देणाऱ्याच्या जिवाला, नोकरीला धोका असेल तर हे करू नका, थेट ओआयजीकडे जा, त्यांच्या साइटवर तक्रारीची सोय आहे, नाव न सांगताही करता येते. माहिती देणाऱ्या नर्सचं, स्टोअरकीपरचं नाव तुमच्या फोनमध्येही नको. केंद्राचं नाव छापल्याने माणूस ओळखू येणार असेल तर तालुका लिहा.

देशातल्या वाटाही वापरा. केनियात माहितीच्या अधिकाराचा कायदा २०१६ चा आहे, युगांडात २००५ चा, आपल्या आरटीआयच्याच वर्षातला. दोन्हीकडे महालेखापरीक्षकांचे रिपोर्ट निघतात, संसदेत जातात, आणि त्यात ग्लोबल फंडाच्या प्रकल्पांचे हिशेबही असतात जे जिनिव्हाच्या साइटवर दिसणार नाहीत.

ओआयजीच्या बहुतेक रिपोर्टच्या शेवटी एक तक्ता असतो, मान्य झालेल्या कृतींचा: काय करणार, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत. पत्रकार इथपर्यंत सहसा वाचत नाहीत. हा तक्ता कॉपी करून स्वतःच्या शीटमध्ये टाका, तारखांची आठवण लावा. २०२५ मध्ये पैसा आटल्यावर फंडाने चालू ग्रँटमधून १४३ कोटी डॉलर कापले, आणि अशा वेळी कात्री कशाला लागते, तर देखरेखीच्या भेटींना, ट्रेनिंगला, डेटाला. म्हणून सध्या हे तक्ते जास्तच बघायला हवेत. तारीख उलटली की त्या विभागाला एक ओळीचं पत्र लिहा, कृती झाली का, झाली असेल तर कागद दाखवा. महिन्याने पुन्हा लिहा, आणि दोन्ही पत्रांची प्रत सीसीएमच्या देखरेख समितीला पाठवा.